पाणघोड्याच्या बोळक्यात दोन दात

मित्रांनो, माझं तोंड चोवीस तास उघडंच असतं, त्यामुळे बोलायला सुरुवात करताना मला वेगळं काही करावं लागत नाही. मी एक जुना पाणघोडा आहे. फायबरचा, निळसर करडा, पाठीमागे कुलूपवालं दार. पोटावर पिवळ्या अक्षरांत लिहिलंय, ‘कचरा मला द्या’. म्हणजे मोठ्या माणसांच्या भाषेत मी कचऱ्याचा डबा. पण दोन-अडीच वर्षांच्या मंडळींना वाचता येत नाही ना, त्यामुळे त्यांच्या लेखी मी पाणघोडाच. आणि तोही बिचारा उपाशी.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे माझ्या साच्यात चांगले चार दात होते. रंग लागायच्या आधी, मी जिथे जाणार होतो त्या मनोरंजन पार्कमधून निरोप आला, की दातांनी मुलांचे हात ओरबाडतील, दात नकोत. कारागिराने कानस घेतली आणि घासून घासून चारही दात सपाट केले. वर हात झटकत म्हणाला, “घे, जन्मला नाहीस तोच म्हातारा झालास.” हत्तीकडे खायचे वेगळे आणि दाखवायचे वेगळे असे दोन-दोन जोड, आणि माझ्याकडे नुसतं बोळकं. हा अन्याय मी आयुष्यभर आ वासून सोसला.

मला छोट्यांच्या कोपऱ्यात उभं केलं. डावीकडे हळूहळू फिरणाऱ्या कपबश्या, उजवीकडे बाळांचे कपडे बदलायची खोली, समोर बँडचा गोल कट्टा. जागा एकदम मोक्याची. इथून मी जगाची गंमत बघत आलो. आईबाप महिनाभर बेत करतात, पिशवीत चार कपडे, दोन टोप्या, पाण्याच्या बाटल्या भरतात, आणि बाळराजे आत येऊन पहिलं काय बघतात? मुंग्यांची रांग. उंच पाळणा डोक्यावरून गरगरत असतो आणि हे खाली बसून गटाराच्या झाकणाच्या भोकात काडी घालत असतात. बाबा म्हणतात, अरे वर बघ, वर बघ. पण वर कोण बघतंय?

मुंग्या संपल्या की नंबर माझा. एकदा का कुणी माझ्या तोंडात कागद टाकला आणि तो गायब झाला, की झालं. मग आणखी कागद, मग बिस्किटाचं रॅपर, मग बिस्किट, मग पायातला मोजा. एका पठ्ठ्याने बाबांच्या गाडीची किल्ली खाऊ घातली होती आणि वर माझी पाठ थोपटली होती. मी काय करणार? दिलेलं नाकारायला तोंड मिटावं लागतं.

हे सगळं एकाच माणसाला ठाऊक होतं, आमच्या झाडूवाल्या मावशींना. माझी पिशवी बदलताना गाठ मारायच्या आधी त्या बाहेरून चाचपायच्या, पोळ्यांची कणीक तिंबतात तशी. “मोठी माणसं नको ते टाकतात,” त्या म्हणायच्या, “आणि लहान मुलं आवडतं ते देतात.” चोखण्या, चष्मे, एका पायातलं पैंजण, सगळं त्यांनी असंच काढून परत केलं होतं.

मग नवीन सुपरवायझर आला. तरणा, खिशाला पेन. त्याने नियम काढला, की पिशवीला हात लावत बसायचं नाही, गाठ मारून थेट मागच्या मशीनकडे न्यायची. बरोबर पाचला मशीन सुरू होतं आणि सगळ्या पिशव्या दाबून त्यांची वीट करतं. चूक त्याचीही नव्हती, कुणाच्या तरी हाताला काच लागली होती. मावशी त्याच्यासमोर हो म्हणाल्या. तो नसताना चाचपत राहिल्या. आणि आम्हा प्राण्यांच्या आकाराच्या डब्यांना हटवून झाकणवाले स्टीलचे डबे यायचे आहेत, हेही त्यानेच सांगितलं. पेंग्विन आणि देवमासा आधीच टेम्पोत गेले होते.

तर त्या दिवसाची गोष्ट.

समोरच्या बँडमधले ट्रम्पेटवाले आजोबा त्या संध्याकाळी निवृत्त होणार होते. साडेपाचला शेवटचा कार्यक्रम. मुलगी, जावई आणि अडीच वर्षांची नात टिल्ली दुपारीच येऊन बसली होती. टिल्लीने आजोबांना वाजवताना कधीच बघितलं नव्हतं. आज बघितलं तर बघितलं, नंतर नाही. आजोबा सकाळपासून सगळ्यांना हेच सांगत होते, अगदी मलाही.

जावयाच्या हातात नकाशा होता. सव्वातीनला कपबश्या, पावणेचारला छोटी आगगाडी, असं त्याने पेनाने लिहून आणलं होतं. टिल्ली कपबशीत बसली, उतरली, आणि मला बघून तिथेच रुतली. आगगाडी येऊन गेली. दोनदा. शेवटी जावई शरण आला आणि माझ्या शेजारच्या टेबलावर सगळ्यांनी बैठक मारली. टिल्ली रमावी म्हणून जो तो तिच्या हातात कागदी रुमाल देत होता. ती एकेक रुमाल घेऊन दुडूदुडू यायची, मला द्यायची, परत जाऊन सांगायची, “त्याला दिलं.” आई मोबाइलमधून मान न काढता म्हणायची, “शाब्बास राणी.” असं निदान तीस वेळा झालं असेल.

आता, आजोबांची कवळी नवी होती. हिरडीला घासायची. ट्रम्पेट वाजवायला ती लागायचीच, तिच्याशिवाय ओठ तोंडात जायचे आणि फुंक भलतीकडे. पण आइस्क्रीम खायला दात कशाला? म्हणून त्यांनी हळूच कवळी काढली, कागदी रुमालात गुंडाळली आणि ताटलीच्या कडेला ठेवली. मित्रांनो, जगातले सगळे आजोबा ही एकच चूक करतात.

टिल्लीने ती पुडी उचलली. माझ्यापर्यंत आली आणि या खेपेला सरळ आत टाकली नाही. तिने ती उलगडली. आतल्या दातांकडे बघितलं. मग माझ्या तोंडात वाकून बघितलं, वरून, खालून, अगदी आतपर्यंत. माझ्या बोळक्यावरून तिने चिकट बोट फिरवलं. आणि दोन्ही हातांनी, पाहुण्याला वाटी द्यावी तसे, ते दात मला दिले.

इतक्या वर्षांत हजारो मुलांनी मला जेवू घातलं. माझं जेवण चावायचं कसं, हा विचार करणारी ती पहिली.

साडेचारला मावशी आल्या. सुपरवायझर कपबश्यांपाशी उभाच होता, म्हणून न चाचपता त्यांनी पिशवी काढली, गाठ मारली, ढकलगाडीवर टाकली. गाडी निघून गेली आणि पाचच मिनिटांत आजोबांनी ताटलीच्या कडेला हात लावला.

पुढची पंधरा मिनिटं शोधाशोधीत गेली. आजोबांनी रुमाल तोंडावर धरला. जावयाने ताटल्या उलथल्या, मुलगी टेबलाखाली शिरली, आइस्क्रीमवाल्याने आपला काउंटर पुसायच्या निमित्ताने शोधून पाहिला. कट्ट्यावरून ढोलवाला उतरून आला. आजोबांचा तीस वर्षांपासूनचा जोडीदार, तो आधी हसला, मग आजोबांचे डोळे बघून खुर्च्यांखाली शोधू लागला. आजोबांनी हातानेच सांगितलं, माझ्याशिवाय सुरू करा. बोळक्याने बोलून दाखवायची त्यांची तयारी नव्हती. माणूस आयुष्यभर फुंकरीवर जगला आणि शेवटच्या दिवशी त्याच्याकडे फुंकरच नाही.

टिल्ली आईचा कुर्ता ओढत होती. “त्याला दिले.”

“हो बाळा, दिले. आता जरा गप्प बस.”

“त्याला दिले.”

“दिले ना. शहाणी माझी.”

तिसऱ्यांदा ती बोलली तेव्हा मावशी रिकामी पिशवी घेऊन परत आल्या होत्या. त्या खाली उकिडव्या बसल्या, टिल्लीच्या डोळ्यांना डोळे भिडतील एवढ्या, आणि दिवसभरात कुणी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला. “काय दिलंस गं?”

टिल्लीने तोंड उघडलं आणि बोटाने आपल्याच दातांवर टकटक केलं.

मावशी उठल्या. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढताना त्या देवाला चार शब्द ऐकवतात. पण त्या दिवशी त्या धावल्या. मागे जावई, त्याच्यामागे ढोलवाला. पुढचं मला मावशींनीच नंतर सांगितलं. मशीनपाशी वीस-बावीस काळ्या पिशव्या, सगळ्या सारख्या, आणि पाचला सात मिनिटं कमी. सुपरवायझर आडवा आला. मावशींनी एक पिशवी उचलून पाहिली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. माझी त्यांना वजनावरून कळली. नुसते कागदी रुमाल आणखी कुणाच्या पोटात असणार? गाठ सोडता सोडता त्या सुपरवायझरला म्हणाल्या, “माझं नाव लिहून घ्या साहेब. पण एक हात मोकळा असेल तर पिशवीचं तोंड धरा.”

त्याने पेन काढलं. क्षणभर ते हातात तसंच राहिलं. मग खिशात परत गेलं आणि त्याने पिशवीचं तोंड धरलं.

कवळी आइस्क्रीमवाल्याच्या गरम पाण्यात धुतली, पुन्हा धुतली, साबणाने धुतली. तरी आजोबा ती तोंडाजवळ नेऊन थबकले. ढोलवाला म्हणाला, “घाल उस्ताद. बँडच्या पंगतीत आपण याहून वाईट खाल्लंय.” तेव्हा कुठे ते हसले, आणि हसता हसताच दात बसवले.

साडेपाचला आजोबा वाजवायला उभे राहिले. मी पंधरा वर्षं त्यांना ऐकत आलो होतो, पण त्या दिवशी सूर असा सरळ येत होता, की कपबश्यासुद्धा हळू फिरतात की काय असं वाटलं. मुलगी रडत होती, जावई नकाशाने डोळे पुसत होता. आणि टिल्ली? ती कट्ट्याकडे पाठ करून माझ्या तोंडात बघत होती. दात नव्हते.

तिचा खालचा ओठ बाहेर आला. ती तरातरा कट्ट्यावर चढली, आजोबांच्या विजारीला धरून उभी राहिली. आजोबांनी सूर पुरा केला, ट्रम्पेट खाली घेतलं आणि वाकले. टिल्लीने त्यांच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

“त्याचे दे.”

कट्ट्यावरची सगळी वाद्यं थांबली. आजोबा गुडघ्यावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “हे माझे आहेत, बाळा. त्याला त्याचे आणून देतो.”

मित्रांनो, मोठ्यांची वचनं मी भरपूर ऐकलीत. पुढच्या वेळी बसू, उद्या नक्की, मोठी झालीस की दोनदा नेईन. त्यातली पाळलेली किती, ते बोटांवर मोजावं म्हटलं तर मला बोटंही नाहीत. त्यामुळे मी काही आशा ठेवली नाही. दिवस गेले. स्टीलचे डबे आले, गुळगुळीत, जड झाकणाचे, छोट्यांचा हात न पोचणारे. शेजारचा ससा टेम्पोत चढला. माझाही दिवस ठरला.

त्याच्या आदल्या दुपारी आजोबा आले. हातात पांढऱ्या ऑइलपेंटची डबी आणि बारका ब्रश. सुपरवायझर त्यांना म्हणाला, “काका, कशाला त्रास? हा उद्या चाललाय.”

“जाऊ दे की,” आजोबा म्हणाले. “दात घेऊन जाईल.”

जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ते तासभर माझ्या तोंडापाशी बसले. चार काढायचे होते, पण तेवढ्या वेळात दोनच झाले. तेही एक उंच, एक बुटका. रंगवलेले दात, कुणाला ओरबाडणार नाहीत असे. आजोबा गेल्यावर मावशींनी माझ्या गळ्यात पाटी अडकवली, ‘रंग ओला आहे’.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाले आले, पाटी वाचली, आपल्या नव्या शर्टांकडे बघितलं आणि परत गेले. आठवड्याने आले. पाटी होतीच. ऑइलपेंट वाळायला किती दिवस लागतात हे सुपरवायझरला कळत नव्हतं असं नाही. तिसऱ्यांदा टेम्पोवाल्याने त्याला विचारलं, तेव्हा तो लांब बघत म्हणाला, “हवेत दमटपणा आहे.” चौथ्यांदा ते आलेच नाहीत. पाटी मावशींनी पावसाळा संपल्यावर काढली.

परवा आजोबा एका मुलीला घेऊन आले. सहा-सात वर्षांची, उंच, पाठीला दप्तरासारखी पिशवी. मोठ्या पाळण्यात बसून आली होती आणि कपबश्यांकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. आजोबांनी तिच्या हातात केळ्याची साल दिली आणि माझ्याकडे मान केली. ती आली, आणि माझ्या तोंडात बघून थांबली.

“आजोबा, याचे दात वाकडे आहेत. कुणी लावलेत?”

ती बोलली तेव्हा दिसलं. टिल्लीचे पुढचे वरचे दोन्ही दात पडले होते.

आजोबा टेबलावर बसले. ट्रम्पेट आता नव्हतं, पण सांगायच्या आधी त्यांनी सवयीने ओठ ओले केले. “तूच दिलेस,” ते म्हणाले.

तिला खरं वाटेना. मग त्यांनी पहिल्या कागदी रुमालापासून सगळं सांगितलं, आणि ती आपल्या दातांच्या खिडकीत जीभ घालून ऐकत राहिली.

तर मित्रांनो, माझं मागणं एवढंच. स्टीलच्या डब्याचं झाकण उघडायला जड आहे, तरी त्यात तुमचा कचरा टाका, माझ्यातही टाका, जमिनीवर मात्र नको. आणि घरातलं सगळ्यात छोटं माणूस तिसऱ्यांदा ‘दिलं’ म्हणालं, तर शाब्बास नंतर म्हणा. आधी खाली बसून विचारा, काय दिलंस?

साल मला मिळाली, हे सांगायचं राहिलं. टिल्लीने गोष्ट संपल्यावर ती टाकली. आत हात घालताना ती जराशी बिचकली, चावेन म्हणून.