खुळखुळणारं बेअरिंग

१९८३च्या मे महिन्यात भट्टीचा पंखा दुसऱ्यांदा जाम झाला आणि माझ्या हातात दुसरा मेमो पडला. कारण तेच: ‘बेअरिंग बसवण्यात हलगर्जीपणा’. सिन्नरच्या त्या टाइल कारखान्यात मी सहा वर्षं टेंपरवारी फिटर होतो. तिसरा मेमो म्हणजे कायम होणं दूरच, थेट घरी.

हलगर्जीपणा कसला डोंबलाचा! तो पंखा भट्टीची गरम हवा ओढतो. त्याचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, तापून फुगतो, त्यावरच्या बेअरिंगची आतली रिंग फुगते आणि गोळ्यांना फिरायला जागाच उरत नाही. तिथे मुळातच आतून थोडं ढिलं बेअरिंग लागतं. तसं मी मागणीच्या प्रत्येक चिठ्ठीत लिहून देत होतो. पण चिठ्ठी जायची स्टोअरकीपर रावजीआण्णांकडे.

आण्णा बेअरिंग कानाशी नेऊन नारळासारखं हलवायचे. वाजलं की माल परत. वीस वर्षं त्यांची हीच पारख, आणि तिचा कोण अभिमान!

“आण्णा, मला वाजणारंच पाहिजे.”

“येडा का खुळा तू? पोराचा खुळखुळा हाय का ह्यो? ढिला माल गळ्यात मारत व्हता दुकानदार, आजच परत धाडला. हे घे. लय निवडून आणलंय, जरासुदिक हलत नाय.”

अहो, हलत नाही हेच तर दुखणं! माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, एसटीने नाशिक गाठलं आणि दुकानदाराच्या हातापाया पडून तेच परत गेलेलं बेअरिंग मागून आणलं.

मॅनेजरसाहेबांसमोर दोन्ही बेअरिंगं एका दांड्यावर चढवली आणि दांडा गॅसने तापवला. आण्णांचं बेअरिंग कुरकुरलं आणि गच्च बसलं. ढिलं मात्र बोट लावताच फिरत होतं. “शाब्बास, पुंजाराम!” साहेब म्हणाले. ढिलं बसवलं, पंखा सुरू झाला. मी घरी पेढे नेले. बायकोला म्हणालो, आता कायमचं पत्र आलंच समज.

आलं ते परिपत्रक: ‘यापुढे कारखान्यात सर्वत्र ढिलीच बेअरिंगं वापरावीत.’

मी धावत केबिनमध्ये गेलो. “साहेब, फक्त तापणाऱ्या जागी! साचे घासायचा ग्राइंडर तापत नाही, त्याला घट्टच लागतं.”

“तूच दाखवलंस ना? मग आता फाटे फोडू नकोस.”

आण्णा तर माझ्यावर खार खाऊनच होते. त्यांनी एकेक बेअरिंग कानाशी नेलं आणि या वेळी न वाजणारं परत धाडलं.

महिन्याभरात ग्राइंडर थरथरू लागला. साच्यांवर लाटा उठल्या, हजारो टाइल वाया गेल्या. तिसरा मेमो आला: ‘आपण दिलेल्या चुकीच्या सल्ल्यामुळे.’ सही केली आणि गेटपास जमा केला.

भट्टीचा पंखा अजून चालतोय म्हणे. एकदाही जाम झालेला नाही.