उरलेल्या आठ चकत्या

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. काडेपेटीपेक्षाही लहान, म्हणून मला कोणी जमेत धरत नाही. पण मित्रांनो, माझ्या पोटात एका बसचालकाच्या मानेतली गाठ आहे. म्हणजे, मागच्या आठवड्यापर्यंत तरी होती.

तपासणीच्या खोलीत त्या गाठीवर गरम मेण ओतलं, थंड पाटावर गोठवलं आणि माझा जन्म झाला. "झकास बसलाय!" असं तिथले काका म्हणाले, तेव्हा मी केवढा फुशारलो! मग काकांनी मला कापायच्या यंत्रावर चढवलं. केसाहून पातळ चकत्या निघाल्या. डॉक्टरबाईंनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. साधी सूज की लिम्फोमा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचाच कर्करोग, काही ठरेना.

सोमवारी त्यांनी चकत्यांना एक रंग देऊन पाहिला, बुधवारी दुसरा, शनिवारी तिसरा. दर वेळी मला नव्याने यंत्रावर चढवायचं आणि तोंड सपाट करायला सुरुवातीच्या कितीतरी चकत्या कचऱ्यात टाकायच्या. माझा जीव तीळ तीळ तुटायचा, पण ठोकळ्याला विचारतो कोण? पुढे चालकाच्या मानेत उरलेली गाठ आपोआप बसली आणि मी खणात पडलो. दोन वर्षं कोणी माझी वास्तपुस्त केली नाही.

मागच्या आठवड्यात चालकाची लेक तपासणीच्या खोलीच्या खिडकीशी आली. "काका, बाबांना पुन्हा गाठ आलीय. या वेळी छातीत, अगदी हृदयाजवळ. तिथला तुकडा काढणं धोक्याचं आहे म्हणतात. जुना ठोकळा आहे ना तुमच्याकडे?"

काकांनी मला उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं, बाई," ते आत जाऊन डॉक्टरबाईंना म्हणाले. "तीनदा पुन्हा चढवला. एकाच वेळी सगळ्या चकत्या काढून ठेवायला हव्या होत्या."

आता जनुकांची तपासणी करायची होती. निरोगी गाठीतल्या लढाऊ पेशी आपल्या जनुकांचे तुकडे आपापल्या तऱ्हेने जोडतात. सगळ्यांची जोडणी एकसारखी निघाली, तर ती एकाच बिघडलेल्या पेशीची पिलावळ समजायची. त्यासाठी दहा चकत्या हव्या होत्या.

दुसऱ्याच्या गाठीचा कण लागू नये म्हणून काकांनी नवं पातं लावलं. मी तर भीतीने अर्धा झालो होतो. आठवी चकती नळीत पडली. नववीत नुसतं मेण होतं.

"आठांत भागेल का हो?" काकांनी विचारलं.

"भागवायला हवं," बाई म्हणाल्या.

आज निकाल आला. जोडणी एकसारखी होती, म्हणजे लिम्फोमाच. लेक खिडकीशी उभ्या उभ्या रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "कळलं तरी एकदाचं. उद्या औषध सुरू होतंय. काका, तो ठोकळा जपून ठेवा हं. पुन्हा लागला तर?"

"ठेवतो, बाळा," काका हळूच म्हणाले. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलून खणात ठेवलं.

मित्रांनो, कोणाची ठेव कापायला घ्याल, तेव्हा पुढे काय काय लागेल ते आधी विचारून घ्या. तिच्या बाबांचं माझ्यात आता काहीच उरलेलं नाही, आणि हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.