चिवळीला वार नाही

सकाळी सात वाजता दामिनी स्वयंपाकघरातून विचारायची, "आई, भाजी कायची करू?" आणि पार्वताबाई कधीच लगेच उत्तर द्यायच्या नाहीत. आधी चष्मा पुसायच्या. मग खिडकीतून बाहेर बघायच्या. सुनेची बडनेऱ्याची शाळा, आठची बस, दोन डबे भरायचे, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. मग सावकाश म्हणायच्या, "आलू-वांगं करून टाक." दामिनीने वांगी चिरायला घेतली की पुन्हा आवाज यायचा, "नाही तर बेसनच कर. वांगं वातूळ असते."

यात छळ होता, उगाच नाही कशाला म्हणायचं! पण तो कमावलेला छळ होता. पार्वताबाईंनी सव्वीस वर्षं आपल्या सासूला हाच प्रश्न विचारला होता, डोक्यावरचा पदर सावरत. सासू म्हणायची, "मले काय विचारतं? कर तुया मनानं." मनानं केलं की ताट सरकवून द्यायची. आता घर मुलाचं, किल्ल्या सुनेच्या, टीव्हीचा रिमोट नातवाचा. उभ्या घरात एवढा एकच प्रश्न पार्वताबाईंच्या वाट्याला आला होता, आणि त्या तो पुरवून पुरवून खात होत्या.

तेवढ्यात मुलाच्या, किशोरच्या, ऑफिसात शिबिर झालं. कुणी एक टाय लावलेला माणूस सांगून गेला की बारीकसारीक गोष्टी रोज ठरवत बसलं की डोकं थकतं, मोठ्या गोष्टींना उरत नाही. म्हणून सगळं आधीच ठरवून मोकळं व्हा. किशोर म्हणजे ऐकलेलं सगळं लहानपणापासून खरं मानणारा. त्याने रविवारी पट्टी घेऊन तक्ता आखला आणि फ्रिजवर चिकटवला. सोमवार मुगाची डाळ, मंगळवार आलू-वांगं, बुधवार डाळभाजी, गुरुवार बेसन, शुक्रवार बरबटीच्या शेंगा, शनिवार खिचडी-कढी, रविवार पाटोडी.

"आता कोणी कोणाले विचारायचं नाही," तो खुशीत म्हणाला. "आई, तुयाही डोक्याचा ताप गेला."

दामिनी आठ दिवसांत टवटवीत दिसू लागली. पहिल्यांदाच तिने घरून निघण्याआधी चहा बसून प्यायला. पार्वताबाईंना तो चहा बघवला नाही.

पहिल्याच सोमवारी सात वाजता त्या सवयीने चष्मा पुसून बसल्या होत्या. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. कुणी विचारलं नाही. मंगळवारी त्या स्वतःच म्हणाल्या, "आज वांगं नको करू व, मले खाज सुटते." दामिनी नम्रपणे म्हणाली, "तुमच्यासाठी वायली डाळ काढून ठेवली आई." नम्रपणाला काय उत्तर द्यायचं? भांडण मिळालं असतं तर बरं झालं असतं.

मग त्यांनी बंड केलं. दारावर भाजी घेऊन येणाऱ्या माणिकबाईकडून चिवळीच्या दोन जुड्या घेतल्या. उन्हाळ्यात चिवळ खाल्ली नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. अख्खी दुपार त्या ती बारीक पाल्याची भाजी निवडत बसल्या आणि डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवली. चिवळीला तक्त्यात वार नव्हता. कुणी ती शिजवली नाही, कुणी फेकलीही नाही. पाचव्या दिवशी डब्यात पाणी सुटलं, ते पार्वताबाईंनी स्वतःच मोरीत ओतलं.

पुढच्या रविवारी तक्त्याखाली एक नवी ओळ आली. आई: एक ते पंधरा अमरावती, सोळा ते तीस अकोला.

अकोल्याला धाकटा मुलगा अनुप होता. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, शेजारी ओळखीचं माणूस नाही. इथे अमरावतीत त्यांचं भजनी मंडळ होतं, माणिकबाई होती, तेहतीस वर्षांची गल्ली होती. पार्वताबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. बरबटीच्या आणि पाटोडीच्या खाली आपण.

"हे काय होय?" त्यांनी विचारलं.

"मी आन् अनुपनं फोनवर ठरवलं. दर महिन्याले 'कधी येतं, कधी जातं' हे नको."

"मले काहून नाही विचारलं?"

किशोरला खरंच आश्चर्य वाटलं. "तुले विचारलं असतं तर तू काय म्हटलं असतं, आई? 'तुमाले वाटते तसं करा.' नेहमी तेच म्हणतं ना तू?"

पार्वताबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या अगदी तेच म्हणाल्या असत्या. म्हणाल्या असत्या आणि वाट बघत बसल्या असत्या, कुणीतरी पुन्हा विचारेल म्हणून. त्यांच्या सासूनेही तेच केलं होतं. "कर तुया मनानं" याचा अर्थ "मला अजून एकदा विचार" असा असतो, हे त्या घरात फक्त सुनांना कळत होतं. मुलांना ते कुणी शिकवलंच नव्हतं, त्यांनीही नाही.

सोळा तारखेला किशोर त्यांना अकोल्याच्या बसमध्ये बसवायला आला. बस अर्धी रिकामी होती. बॅग हातात धरून त्याने विचारलं, "आई, खिडकीजवळ बसतं, का अलीकडच्या सीटवर?"

किती दिवसांनी कुणी काही विचारलं होतं! पार्वताबाईंनी खिडकीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. खिडकी हवी होती त्यांना. पण इतक्या दिवसांचा राग आधी बाहेर पडला. त्या फटकन म्हणाल्या, "तुमाले वाटते तसं करा."

"बरं," किशोर म्हणाला. त्याने खिडकीच्या जागेवर बॅग ठेवली आणि आईला अलीकडे बसवलं. उतरायला सोपं पडेल म्हणाला, पाया पडला आणि खाली उतरला.