बॉयलरवाल्याची शेगडी

धाकटी त्रेसष्ट वर्षांची झाली होती, पण दादाच्या तोंडी ती अजून धाकटीच होती, तेव्हा आपणही तिला तेच म्हणू. दादा एकाहत्तरचा. त्याची सगळी नोकरी बॉयलरवर गेली आणि बॉयलरने जाता जाता त्याला दमा देऊन टाकला. धाकटीने तीस वर्षं एका कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज चारशे माणसांचा स्वयंपाक केला. तिचा नवरा गेला, दादाची बायको गेली, आणि बहीण-भाऊ गावाबाहेरच्या झाडीत एका लाकडी खोपीत राहायला आले. एक खोली, दोन खाटा आणि कोपऱ्यात लोखंडी पत्र्याची शेगडी. भांडायला तेवढी जागा पुरत होती.

दादाची मुलगी नर्स. मागच्या हिवाळ्यात दादा दोनदा तिच्याच इस्पितळात भरती झाला, आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं. रात्री भरलेली शेगडी तीन-चार तासांत विझायची आणि सकाळी खोलीत बोलताना तोंडातून वाफ निघायची. यंदा थंडी पडायच्या आत मुलगी आली, भिंतीवर तापमापक ठोकला आणि निघताना सरळ तारीखच देऊन गेली.

“पंधरा तारखेला मी मुक्कामाला येते. रात्री दहाला शेगडी भरायची, मग सकाळी सहापर्यंत कुणी तिला हात लावायचा नाही. आत्याने दोनदा उठून लाकडं घालायची, हेही मला चालणार नाही. सहाला खोलीत पंधरा अंश असले तर बाबा इथे. नसले तर बाबा माझ्याकडे.”

“आणि मी?” धाकटीने विचारलं.

“आत्या, आमच्याकडे एकच खाट मावते गं. आणि तुझी तब्येत तर ठणठणीत आहे.”

ठणठणीत असण्याचा असाही तोटा असतो, हे धाकटीला त्या दिवशी कळलं. तिला एकटीने राहायची भीती वाटत होती. अंधाराची नाही, जनावरांची नाही. दिवसभर कुणीच आपल्याला चूक काढून दाखवणार नाही, याची. पण हे भाचीला सांगायचं कसं? ती दुसऱ्या दिवशी सकाळीच शेगडीसमोर फतकल मारून बसली.

“दादा, हिचं काय करायचं सांग. तुझा धंदा आहे.”

दादाचं एक वाक्य दोन हप्त्यांत येई, मधे श्वासाची सुट्टी. पण आगीचा विषय निघाला की स्वारी खुशीत येई. “आत बघ,” तो म्हणाला. “जाळ उठतो आणि... सरळ धुराड्यात पळतो. आपण लाकडं जाळून आभाळ तापवतोय.”

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. त्याने खुर्चीवर बसून हुकूम सोडायचे आणि धाकटीने राबायचं, अशी कामाची वाटणी झाली. तिने तळाला आणि दोन्ही बाजूंना भट्टीच्या विटा बसवल्या. शेगडीच्या छताखाली चार बोटं सोडून लोखंडाची जाड आडवी पट्टी टाकली, म्हणजे जाळ आधी पुढे दाराकडे येईल, वरच्या पत्र्याला चाटेल आणि मगच मागच्या धुराड्यात जाईल. दार नीट बसत नव्हतं, त्याच्या कडेला उष्णता सोसणारा जाड दोर चिकटवला. एवढ्यानेच फरक पडला. लाकडं निम्मी लागू लागली. धाकटीने मनातल्या मनात भावाला शाबासकी दिली. तोंडावर दिली असती तर तो आठवडाभर डोक्यावर बसला असता.

इथेच थांबले असते तर बरं होतं. पण दादाला आता चेव आला होता.

“आता लॅगिंग,” तो म्हणाला.

बॉयलरला बाहेरून जाड वेष्टण घालतात, त्याला लॅगिंग म्हणतात. आतली एक चिमूटही उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही. दादा जन्मभर बॉयलरच्या अंगावर हात ठेवून तो गार लागतो ना हे बघत आला होता. ज्याचा बॉयलर बाहेरून गार, तो माणूस कामाचा. तेव्हा धाकटीने चार दिवस माती आणि राख कालवली, शेगडीला तिन्ही बाजूंनी चिकटून विटा रचल्या, फटी लिंपल्या. वरच्या पत्र्यावरसुद्धा विटांचा थर आला.

“वर तरी सोड रे. मी भांडं कुठे ठेवू?”

“वरून तर सगळ्यात जास्त... जाते. तू चार दिवस कळ काढ.”

बारा तारखेला शेगडी पेटली. आत जाळ नुसता घोंघावत होता. दादाने विटांवर तळहात ठेवला आणि त्याचा चेहरा खुलला. “बघ! लाव हात! गार आहे!”

धाकटीने हात लावला. खरंच गार होती. खोलीही गारच होती. चहाचं आधण तासभर ठेवलं तरी त्याला बुडबुडा आला नाही, बटाटे दगडासारखे राहिले. सकाळी दादाने दार उघडून आतले लालबुंद निखारे कौतुकाने दाखवले. “आठ तास! आठ तास विस्तव टिकलाय!” हे म्हणताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. तापमापकावर सात अंश होते.

धाकटी अंगावर दोन शाली घेऊन त्या गार विटांकडे बघत बसली आणि तिला कँटीनमधली पेटी आठवली. तयार जेवण गरम ठेवायची ती मोठी जाड भिंतींची पेटी. आत जेवण वाफाळलेलं, आणि तिला टेकून उभ्या असलेल्या बायकांचे हात थंडीने आखडलेले. एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला. पण हे दादाला सांगायचं होतं. बॉयलरच्या बाबतीत दादाची चूक दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

दोन दिवस हातात होते. तिने सांगितलंच.

“दादा, बॉयलरमध्ये काय असतं?”

“पाणी. हा काय प्रश्न झाला?”

“ते तापवायचं असतं म्हणून ऊब आत कोंडायची. बरोबर?”

“बरोबर.”

“मग इथे पाणी कुठे आहे?”

दादाने शेगडीकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, खाटांकडे पाहिलं. तापवायची वस्तू शेगडीच्या बाहेर होती. दोन शाली पांघरून समोर बसली होती. आणि त्याने चार दिवस खपून ऊब तिच्यापासून लांब ठेवायचा चोख बंदोबस्त केला होता. सगळी ऊब धुराड्यातून निमूट आभाळात जात होती.

दादा दुपारी जेवला नाही, अर्थात न शिजलेले बटाटे कुणीच जेवलं नसतं. दोनच्या सुमारास त्याने खाटेखालून हातोडी ओढली आणि तिच्यापुढे धरली.

“फोड.”

“दादा, तुला वाईट वाटलं असेल तर...”

“वाटलंय. फोड.”

या वेळी हुकूम धाकटीचे होते. वरचा पत्रा उघडा केला. पुढच्या भागाला जाळ आधी भिडतो, तिथे आधण. मागे मंद, तिथे रटरटत ठेवायचं भांडं. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. विटा तिने पुन्हा तिन्ही बाजूंनी रचल्या, पण लोखंडापासून दोन बोटं लांब, मधे मधे फटी ठेवून, म्हणजे लोखंडाची ऊब विटा पितील, फटींतून वारा खेळेल, आणि विस्तव बसल्यावर विटा ती हळूहळू खोलीला देतील. दादाने फक्त एक सुधारणा सुचवली: खालच्या थरात फटी जास्त ठेव, गार हवा तिथूनच आत शिरते. ती योग्य होती, आणि धाकटीने ती मान्य केली. त्यालाही जरा बरं वाटलं.

पंधराला संध्याकाळी मुलगी आली. चहाचं आधण पाच मिनिटांत उकळलेलं तिने पाहिलं, पण कौतुक काही केलं नाही. ती बापाचीच मुलगी. दहाला तिने स्वतः शेगडी भरली, दार लावलं आणि तिच्यासमोरच अंथरूण घातलं, म्हणजे कुणी लबाडी करायला नको.

सकाळी सहाला धाकटी डोळे मिटून पडली होती. तापमापकाकडे बघायचा तिला धीर होईना. भाची उठली, तिच्या पावलांचा आवाज भिंतीपर्यंत गेला आणि थांबला.

“सोळा,” ती म्हणाली. “सोळाच्या वरच आहे जरा.”

धाकटी उठून बसली. विटांवर हात ठेवला तर त्या नुकत्याच गरम पाण्याने विसळलेल्या भांड्यासारख्या होत्या. तिला हुंदका आला आणि तो तिने लपवला नाही.

“अगं आत्या! बाबांसाठी किती केलंस तू.”

“बाबांसाठी कशाला? माझ्यासाठी केलं,” धाकटी पदराने डोळे पुसत म्हणाली. “तो गेला असता तर मी इथे एकटी भिंतींशी भांडले असते. एकच खाट आहे म्हणालीस तेव्हा माझा जीव अर्धा झाला होता, पोरी.”

भाचीचा चेहरा उतरला. “मी ते फारच सहज बोलून गेले,” ती म्हणाली.

“बोललीस खरी.”

“मला कुणी... विचारलं का?” खाटेवरून आवाज आला. दादा जागाच होता. “मी जाणारच नव्हतो. एकच खाट म्हणाली... तेव्हाच ठरवलं होतं. अंश गेले खड्ड्यात. हिला इथे एकटीला टाकून... मी कुठे जाणार?”

धाकटीचा पारा चढला.

“आणि हे मला आज सांगतोस? तीन आठवडे माझ्याकडून विटा कशाला वाहून घेतल्यास मग?”

दादाने एक लांब श्वास घेतला, आणि या वेळी वाक्य एका हप्त्यात आलं.

“इथेच राहायचं होतं, पण गारठून मरायचं नव्हतं ना, म्हणून.”