टोपलीवरची पाच बोटे

मित्रांनो, उत्तर जर्मनीतल्या एका माळावर, छपराखाली मी उपडी बसलेली असते. मला पाहून कोणाला घंटा आठवते, कोणाला शिरस्त्राण. मी आहे मधमाश्या पाळायची पेंढ्याची जुनी टोपली; पूर्वी माश्या अशाच टोपल्यांत पोळे बांधायच्या. आता पोटात एकही माशी नाही, म्हणून बोलायला सवड आहे.

मला बॅरन एगबर्ट यांनी लग्नाच्या वर्षी विणले. ते घोडदळातले कप्तान, मोठ्या जहागिरीचे मालक. पण हिवाळ्यात रजेवर आले की मधमाश्या सांभाळणाऱ्या हिन्रिकजवळ शेकोटीला बसायचे. पेंढ्याचा पीळ करायचा आणि काटेरी वेलीच्या सालीने शिवत न्यायचा. माझी एक बाजू जरा फुगलीच.

"साहेब, ही डोक्यावर घालून लढाईला जा," हिन्रिक म्हणाला. "शत्रू हसून हसून मरेल."

सगळ्यात जास्त हसले ते बॅरनच.

त्यांच्या पत्नी ओटिलियेबाईंनी मला शेण आणि राखेने लिंपले. मोलकरणी नको नको म्हणत होत्या, पण त्यांनी ऐकले नाही. माझ्या फुगीर बाजूवर त्यांची पाच बोटे उमटून वाळली.

मग १९१४ साली महायुद्ध सुरू झाले. पुढच्या वसंतात बॅरन रजेवर आले, ते निम्मे होऊन. जेवताना पाहुण्यांनी पराक्रमाच्या गोष्टी विचारल्या, तर ते हवापाण्याचे बोलत राहिले. नंतर माझ्याजवळ येऊन बसले आणि चिखलात पडलेल्या आपल्या घोड्याचे सांगू लागले. मेलेल्या शिपायांची नावे घेताना मध्येच अडखळले. ओटिलियेबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले आणि चाहूल न देता परत गेल्या.

दुसऱ्या वर्षी खबर आली की बॅरन रशियाच्या आघाडीवर कामी आले. आमच्याकडे मालक गेला की प्रत्येक टोपलीवर घराच्या किल्लीने तीनदा ठोठावून माश्यांना तसे सांगतात. नाही सांगितले तर माश्या घर सोडतात, असे मानतात. हिन्रिक किल्ली घेऊन आला. बाईंनी माझ्यावर हात ठेवला.

"इथे सांगायचं नाही, हिन्रिक."

"बाईसाहेब, माश्या निघून जातील."

"जाऊ देत. तो गेला असं माझ्या देखत कोणी म्हणायचं नाही."

हिन्रिकने मान डोलावली. पण बाईंच्या पाठीमागे त्याने बाकीच्या टोपल्यांना सांगून टाकले. मला मात्र वगळले, कारण बाई माझ्याजवळच बसायच्या. दर रविवारी प्रार्थनेहून आल्या की म्हणायच्या, "तुमचे मालक येतायत." त्यांनी काळे कपडे घातले नाहीत, म्हणून गावातल्या बायका कुजबुजायच्या. पाद्रीही समजवायला येऊन गेले. माझ्या माश्या कुठेही गेल्या नाहीत.

युद्धाच्या शेवटी तापाची साथ आली आणि आठवडाभरात बाईंना घेऊन गेली.

बॅरन त्यानंतर दोन वर्षांनी आले. पायी, दुसऱ्याच कोणाचा तरी कोट घालून. ती खबर खोटी होती; इतकी वर्षे ते रशियात कैदेत होते. पत्नी गेल्याचे त्यांना फाटकातच कळले. ते रडले नाहीत, बोललेही नाहीत. ताट पुढे ठेवले की तसेच परत जायचे. माणूस असाच संपेल, असे घरच्यांना वाटू लागले. तेव्हा हिन्रिक त्यांना हाताला धरून माझ्याकडे घेऊन आला.

"साहेब, बाकीच्या टोपल्यांत तुम्ही केव्हाच मेलात. मीच तसं सांगितलं. बाईसाहेब गेल्या तेही सांगितलं. पण हिच्यात तुम्ही दोघंही अजून जिवंत आहात."

"हिला का नाही सांगितलंस?"

"मला नाही जमलं. हिला तुम्हीच सांगा." आणि त्याने किल्ली पुढे केली.

बॅरननी किल्ली घेतली. मग त्यांनी तीनदा ठोठावले.

"ओटिलिये गेली," ते म्हणाले.

माझ्या पोटात गुणगुण उठली आणि हळूहळू बसली. त्यांनी आपली बोटे बाईंच्या बोटांच्या खुणांवर ठेवली. त्यांची बोटे मोठी होती, खुणांत बसेनात. तेव्हा ते रडले. संध्याकाळी हिन्रिकने आणलेली लापशी त्यांनी तिथेच बसून खाल्ली.

पुढे दरवर्षी मला नवे लिंपण व्हायचे. ती एक बाजू मात्र त्यांनी कोणालाही लिंपू दिली नाही. तिथूनच ओल शिरली आणि माझा पेंढा कुजला. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी असे गप्प झाले असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला सांगू द्या. आणि भिंतीवर, भांड्यावर कोणाच्या बोटांची खूण दिसली, तर ती पुसण्याआधी घरात एकदा विचारा.