ओल्या फडक्याचा दसरा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. जन्म गुजराती मुलखातल्या छाणीच्या सुतारकारखान्यातला. अंग इतकं गुळगुळीत, की शाळेतले मास्तर येता-जाता हात फिरवायचे. तीस वर्षं पाढे सोसले. मग पांढरे फळे आले आणि माझी रवानगी जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी झाली. फार लाज वाटायची.

तिथून नीरजाने मला जवळच्याच अकोट्याला घरी आणलं. ती सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. तिला ना दुर्बीण लागते ना यंत्र. खडू, चहा आणि मी, एवढंच तिचं सामान. दोन ओळी लिहायच्या, एक पुसायची, मग तासभर माझ्याकडे बघत बसायचं. पाहणाऱ्याला वाटावं, ही काहीच करत नाही.

गेल्या वर्षी सहा आठवडे ती एकाच गणिताच्या मागे होती. उत्तर अधिक यायला हवं, यायचं उणे. दसऱ्यानंतरच्या सोमवारी ते परिषदेत मांडायचं होतं. कोपऱ्यात तिने ठळक लिहिलं होतं, 'पुसू नये'. फोटो उद्या काढीन, असं रोज म्हणायची.

दसऱ्याला सकाळी ती फाफडा-जलेबीच्या रांगेत गेली. घरी तिचे वडील, बापू. रेल्वेतून निवृत्त, स्वच्छतेचे भारी भोक्ते. पूजेला पाटी सापडेना, म्हणून त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. 'पुसू नये' सगळ्यात आधी गेलं. मग माझ्यावर एकड्यांची सरस्वती काढली, झेंडू वाहिले. मी सुरेख दिसत होतो आणि मला रडू येत होतं.

नीरजा आली. पिशवी हातातच राहिली.

"बापू, माझं गणित?"

"अगं, तू रोज पुसतेसच ना?" बापूंचा चेहरा उतरला. "आता संध्याकाळपर्यंत हात लावता यायचा नाही. पूजा मांडलीय."

पिशवी ठेवून ती माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "बसा समोर. पहिल्यापासून सांगते, म्हणजे मला आठवेल."

बापूंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐकत होते मन लावून. पहिल्याच पायरीला म्हणाले, "इथे उणे कशाला?"

"तसंच असतं ते," नीरजा म्हणाली. डोळे मिटून तिने बोटाने हवेत काहीतरी लिहिलं. मग हसतच सुटली. तसं नव्हतंच. ते उणे पहिल्या दिवशीच चुकून लागलं होतं. ती रोज शेवटच्या ओळीपासून पुढे जायची, पहिलीकडे बघायचीच नाही.

"म्हणजे सारुं थयुं ने? चांगलंच झालं ना?" बापूंनी विचारलं. आनंद झाला की त्यांना गुजराती सुचते.

संध्याकाळी पूजा उतरली आणि मोजक्या ओळींत उत्तर अधिक आलं. सोमवारी परिषदेहून ती नाचतच घरी आली. तेव्हापासून दर शनिवारी मला पूर्ण पुसते आणि पहिल्या ओळीपासून सुरू करते.

म्हणून सांगतो, मित्रांनो, माझा कुणी भाऊबंद जिन्याखाली दिसला तर त्याला बाहेर काढा. त्याच्यावर लिहा, चुका, बिनधास्त पुसा. फक्त फडकं कोरडं घ्या. माझ्या कोपऱ्याचा रंग त्या दसऱ्याला गेला, तो गेलाच. बापू येता-जाता तिथेच हात फिरवतात.