आक्काताईंचा हात

प्रशांतला कुणी इंजिनियर म्हटलं की तो "तसं काही नाही" म्हणायचा, पण म्हणणाऱ्याला थांबवायचा मात्र नाही. शिरवळच्या एका कारखान्यात आकडे दाखवणारे दिव्यांचे बोर्ड बनत, तिथे तो कामाला होता. कारखान्यात येणाऱ्या एका मासिकात त्याने जपानातल्या नव्या पडद्यांबद्दल वाचलं होतं. सेंद्रिय पदार्थाचा पातळ थर, आपला आपण उजळणारा, आणि प्रत्येक ठिपक्यामागे त्याचा स्वतःचा ट्रान्झिस्टर. तेव्हापासून पठ्ठ्याच्या डोक्यात खूळ शिरलं. इतकं बारीक काम आपल्याला जमणार नाही, पण तीच युक्ती मोठ्या आकारात का जमू नये? त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, जयंतीला गावच्या विहारासाठी लाल दिव्यांचं धम्मचक्र करायचं त्याने ठरवलं. चोवीस आरे, एकामागून एक पेटणारे.

युक्ती तशी साधी होती. ट्रान्झिस्टरला तीन पाय. त्यातल्या गेट नावाच्या पायावर जेवढा व्होल्टेज, तेवढा दिव्याला उजेड. गेटपाशी इवलासा कपॅसिटर बसवला की तो दिलेला व्होल्टेज धरून ठेवतो, आणि शेजारी रेझिस्टर लावला की काम झाल्यावर तोच व्होल्टेज मुकाट जमिनीत उतरतो. कारखान्यातले साहेब उठता-बसता बजावत, गेट कधी मोकळं सोडू नका. मोकळं गेट म्हणजे दावं सुटलेलं जनावर, कुणीही हाकलावं तिकडे जातं. प्रशांतला हे पाठ होतं. पण रेझिस्टर असला की आरा पटकन विझायचा, आणि नसला की रेंगाळत, मागे लाली ठेवत विझायचा. ते रेंगाळणं त्याला फार देखणं वाटलं. त्याने सगळे रेझिस्टर काढून टाकले. हौस एकदा अंगात आली की शहाणपणाला विचारतो कोण.

जयंतीच्या संध्याकाळी चक्र फिरलं आणि विहारापुढचं पटांगण टाळ्यांनी दणाणलं. कमिटीचे अध्यक्ष सोपाननाना यांनी प्रशांतला हार घातला, आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. मग वंदनेसाठी चक्राचं फिरणं थांबवलं. सगळे आरे विझले, पण बोर्डाची वीज चालूच राहिली.

वंदना संपल्यावर आक्काताई पुढे झाल्या. या प्रशांतच्या आत्या. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्या त्या थेट देव्हाऱ्यापुढे गेल्या, आणि घरातले देव स्वतः नदीत सोडून आल्या. सासू महिनाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. तेव्हापासून वस्तीत कुणी अंगारा आणला, कुणी पोराच्या गळ्यात ताईत बांधला, की आक्काताई त्याच्या दारात उभ्या. चोरून नवस फेडून आलेला माणूस त्यांना लांबून बघून वाट बदलायचा. अशा या बाईने चक्राखालचा घसरलेला हार सारखा करायला हात वर केला, आणि सगळ्यात खालचा आरा उजळला. हात मागे घेतला, तो हळूहळू विझला. त्यांनी पुन्हा हात नेला. पुन्हा उजळला.

पटांगणातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. प्रशांतला मात्र त्याच क्षणी कळलं. गेट मोकळं होतं, हाताच्या नुसत्या जवळिकीने त्यावरचा व्होल्टेज हलत होता. चूक लख्ख लाल होऊन सगळ्यांसमोर पेटत होती. सोपाननानांनी विचारलं, "हे काय रं, प्रशांत?"

गळ्यातला हार अजून ओला होता. अशा वेळी चुकलं म्हणायला जीभ वळत नाही.

"काय न्हाई, नाना," तो हसत म्हणाला, "आत्याच्या हाताची पुण्याई हाय."

पुरुष हसले. मागे बसलेल्या बाया हसल्या नाहीत.

थट्टेला पाय फुटायला वेळ लागत नाही. सणाचा आठवडा, रोज संध्याकाळी कार्यक्रम. प्रशांत दुसऱ्या दिवशी शिरवळला कामावर गेला आणि इकडे आक्काताईंच्या हाताला उजेड लागल्याची बातमी शेजारच्या वाड्यांवर पोचली. त्यांचं पाहून दुसऱ्यांनी हात नेला तरी आरा उजळायचा, पण नाव आक्काताईंचंच झालं होतं. लोक त्यांच्या पाया पडायला लागले. त्यांनी शिव्या घातल्या, तर लोक म्हणाले, आशीर्वाद असाही असतो. शेवटी त्यांनी एस्टीच्या ड्रायव्हरकडे निरोप धाडला, की पोरा, तू केलंस ते तूच येऊन लोकांना सांग.

तो आला. पण खिशात रेझिस्टर घेऊन आला. दुपारी विहार मोकळा असताना त्याने गुपचूप प्रत्येक गेटला एक रेझिस्टर जोडला. आता हात नेला तरी विझलेला आरा विझलेलाच राहणार, लोक दोन दिवसांत विसरणार, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, असा त्याचा हिशेब. आत्याला म्हणाला, सायन्स आहे, लोकांना कळायचं नाही.

संध्याकाळी सुलाबाई आली. तिची चार वर्षांची नात अजून बोलत नव्हती. डॉक्टर झाले, साताऱ्याचा मोठा दवाखानाही झाला होता. तिने पोरीला चक्राखाली उभं केलं, तिचा हात आऱ्याला लावला. काही झालं नाही. मग सुलाबाई आक्काताईंकडे वळली, त्यांचं मनगट धरलं आणि रडत म्हणाली, "आक्का, तुमी लावा. माझ्या पोरीसाठी एकडाव लावा."

आक्काताई झिडकारतील असं सगळ्यांना वाटलं. प्रशांतलाही वाटलं. त्यांनी झिडकारलं नाही. एक हात पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि दुसरा वर नेला. आरा काळाच राहिला. त्यांनी तळहात आणखी जवळ नेला, चक्रावरच्या काचेला टेकवला. तरीही नाही.

मागून कुणीतरी हलक्या आवाजात बोललं, की आक्का शिव्या घालत होत्या ना, म्हणून चक्र कोपलं. सुलाबाईने मनगट सोडलं. आक्काताईंचा हात तसाच काचेवर राहिला, आणि तो हात बघून प्रशांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक त्याची, थट्टा त्याची, आणि भर लोकांत उघडी पडली ती ही म्हातारी.

तो पुढे गेला. सगळं सांगितलं. आपण रेझिस्टर का काढले, थट्टा का केली, दुपारी काय जोडलं. बोर्ड उघडून खालच्या आऱ्याचा रेझिस्टर पकडीने तोडला आणि सोपाननानांना हात न्यायला लावला. आरा उजळला. मग आणखी दोघांनी हात नेला. उजळला. नानांनी आपल्या शेजारची खुर्ची उचलून भिंतीला लावली. सुलाबाई नातीला कडेवर घेऊन वळून न बघता निघून गेली.

पटांगण रिकामं झाल्यावर प्रशांत आत्यापुढे जाऊन उभा राहिला. माझ्यामुळं लोक तुला बोलले, म्हणाला.

"लोकांचं जाऊ दे," आक्काताई म्हणाल्या. त्या आपल्या तळहाताकडे बघत होत्या. "सुलानं हात धरला तवा मी हिसकून घ्याया पायजे व्हता. म्या न्हाई घेतला. चाळीस वर्सं लोकांस्नी सांगत आले, आन त्या घटकेला माझ्याच मनात आलं, पेटू दे, एकडाव पेटू दे." त्या थांबल्या. "तू तुझी चूक समद्यांम्होरं सांगून मोकळा झालास, बाबा. माझी मी कुणाला सांगू?"

आक्काताईंनी पदर सावरला आणि त्याच्यासाठी न थांबता त्या घराकडे चालू लागल्या.